निकाल ९१ टक्के म्हणजे गुण ९१ नव्हेत: साहसपट, कल्पनारम्य मालिका आणि गेम यांच्या आकड्यांमागचे गणित

डिसेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि एकाच चित्रपटाचे तीन निकाल जगासमोर आले. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचा आकडा ९१ टक्के होता. त्याच पानावर, त्याच्या शेजारीच असलेला प्रेक्षकांचा आकडा घसरत जाऊन चाळीस टक्क्यांच्या जरा वर स्थिरावला. चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकांनाच विचारून श्रेणी ठरवणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेने मात्र त्याला ‘ए’ श्रेणी दिली होती. दोन वर्षांनी याच मालिकेतला पुढचा चित्रपट, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’, आला तेव्हा चित्र उलटे झाले: समीक्षक पन्नाशीच्या जेमतेम वर आणि प्रेक्षक ८६ टक्क्यांवर.

अशा वेळी दोन ठरलेली स्पष्टीकरणे ऐकू येतात. चाहत्यांच्या मते समीक्षक विकले गेलेले असतात आणि समीक्षकांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या मते चाहत्यांचा आकडा हा मूठभर उपद्रवी लोकांचा उद्योग असतो. सहकुटुंब तिकिटे काढावीत की नाही, किंवा चार-पाच हजार रुपयांचा गेम मुलाला घेऊन द्यावा की नाही, एवढेच ज्याला ठरवायचे आहे त्याला या दोन्ही उत्तरांचा उपयोग होत नाही. वरचे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या लोकांना विचारलेल्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते प्रश्न कोणते, हे पाहिले की गोंधळाचा बराचसा भाग निवळतो.

उत्तीर्ण किती झाले आणि गुण किती मिळाले

अनेकांची मते गोळा करून त्यांचा एकच आकडा बनवणाऱ्या संकेतस्थळाला या लेखात ‘संकलक’ म्हणू. रॉटन टोमॅटोज हा १९९८ मध्ये सुरू झालेला संकलक यांपैकी सर्वांत परिचित, आणि सर्वांत चुकीचा वाचला जाणाराही.

निकालाच्या दिवसांत शाळेच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा फलक लागतो, तेव्हा त्याचा अर्थ शाळेतील प्रत्येक मूल उत्तीर्ण झाले एवढाच असतो. प्रत्येकाला शंभर गुण मिळाले असा तो अर्थ कोणीही काढत नाही. सगळी मुले पस्तिशीच्या काठावर तरली असतील तरी फलक तोच राहतो. रॉटन टोमॅटोजचा टक्का हा तसाच उत्तीर्णांचा टक्का आहे. प्रत्येक समीक्षेची ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ अशी विभागणी स्वतः समीक्षक किंवा संकेतस्थळाचे संपादक करतात आणि शंभरातील किती समीक्षा अनुकूल आहेत, तो आकडा छापला जातो. तो ६० किंवा त्याहून अधिक असला की चित्रपट ‘ताजा’ आणि त्याखाली ‘सडका’.

यातून एक विचित्र परिणाम होतो. सगळ्या समीक्षकांना ‘बरा आहे, वेळ जातो’ असे वाटलेला सावध साहसपट ९५ टक्क्यांवर जाऊ शकतो, तर अर्ध्या समीक्षकांना जन्मभर लक्षात राहील असा वाटलेला आणि उरलेल्या अर्ध्यांना असह्य झालेला धाडसी चित्रपट पन्नासावर अडकतो. कल्पनारम्य कथांमध्ये हे अधिक घडते, कारण ड्रॅगन, जादू आणि नकाशावर नसलेली राज्ये यांच्याशी प्रत्येकाचे जमतेच असे नाही.

प्रेक्षकांच्या टक्क्यातही उत्तीर्णांचीच मोजणी आहे, परंतु तेथे उत्तीर्ण होण्याची रेषा वेगळी आहे. पाचपैकी साडेतीन किंवा त्याहून अधिक तारे देणारा प्रेक्षकच ‘आवडला’ या बाजूला धरला जातो. म्हणजे ‘ठीक होता’ असे म्हणून तीन तारे देऊन झोपी गेलेला माणूस या हिशेबात चित्रपट न आवडलेल्यांमध्ये जाऊन बसतो. ‘द लास्ट जेडाय’च्या चाळीस-बेचाळीस टक्क्यांचा अर्थ उरलेल्या सर्वांनी चित्रपट धुडकावला असा लावणे म्हणूनच चुकीचे आहे, त्या उरलेल्यांमध्ये संतापलेले किती आणि नुसते निरुत्साही किती, हे टक्का सांगत नाही.

सरासरी काढली की प्रश्न सुटतो का?

उत्तीर्णांचा टक्का फसवा असेल तर गुणांची सरासरी काढावी, असे कोणालाही सुचेल. मेटाक्रिटिक हा संकलक तेच करतो. समीक्षकांनी दिलेल्या गुणांचे शंभरात रूपांतर करून तो सरासरी काढतो, परंतु ती साधी सरासरी नसते. काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते आणि कोणाला किती, हे मेटाक्रिटिक उघड करत नाही. परीक्षकांपैकी कोणाच्या गुणांना दुप्पट धरले हे न सांगता लावलेला निकाल आपण शाळेत चालवून घेतला नसता. येथे मात्र त्यावर लोकांच्या उत्पन्नाचे निर्णय झालेले आहेत. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा २०१० चा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन या कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास प्रकाशकाकडून बोनस मिळणार होता. गुण पडले ८४. ही गोष्ट कंपनीतील एका ज्येष्ठ लेखकानेच २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितली.

चित्रपट आणि मालिकांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळाचा मार्ग निराळा आहे. तेथे सामान्य सदस्य एक ते दहा गुण देतात, आणि समोर दिसणारा आकडा हीसुद्धा थेट सरासरी नसते. आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी आयएमडीबीने वापरलेले सूत्र मात्र जाहीर आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधी २५,००० काल्पनिक मते जमा धरायची आणि त्या प्रत्येक मताला सर्वसाधारण चित्रपटाइतके गुण द्यायचे. मग खरी मते त्यात मिसळून सरासरी काढायची. सोयीसाठी सर्वसाधारण गुण ७ धरू. एखाद्या चित्रपटाला केवळ १,००० मते मिळाली आणि त्यांची सरासरी ९ असली, तर २५,००० काल्पनिक मतांत ती बुडून जातात आणि निकाल ७.०८ च्या आसपास येतो. तीच ९ ची सरासरी पाच लाख मतांची असेल, तर निकाल ८.९ येतो. मते वाढत जातील तसा चित्रपट स्वतःच्या खऱ्या गुणांकडे सरकतो.

या सूत्रामागचा विचार व्यवहारी आहे. पहिली काहीशे मते बहुधा चित्रपटाशी संबंधित माणसे, त्यांचे आप्त आणि कट्टर चाहते यांची असतात. मोजकी मते पडलेल्या एखाद्या मराठी चित्रपटापुढे ९ च्या वरचा आकडा दिसतो आणि तो जगातील अभिजात चित्रपटांच्या वरचा कसा, असा प्रश्न पडतो, तेव्हा मतांची संख्या पाहावी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग त्या यादीत वर्षानुवर्षे वरच्या स्थानांवर टिकून आहेत ते लाखो मतांच्या जोरावर, तेथे चार-दोन हजार भक्त किंवा विरोधक काही हलवू शकत नाहीत.

विचारले कोणाला?

आकडा कसा काढला, यापेक्षाही तो कोणाकडून काढला हा प्रश्न मोठा आहे. ऑनलाइन मत देणारा माणूस स्वतःहून येतो. चित्रपट पाहून ‘ठीक’ म्हणणारे बहुसंख्य लोक घरी जातात आणि कामाला लागतात. भारावलेले आणि भडकलेले लोक लिहायला बसतात. त्यामुळे ऑनलाइन तारांकनाचा आलेख पुष्कळदा दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोल असतो.

सिनेमास्कोर १९७९ पासून उलट पद्धतीने काम करते. तिची माणसे पहिल्या दिवशी अमेरिका आणि कॅनडातील निवडक चित्रपटगृहांत जातात आणि प्रेक्षकांकडून छापील पत्रिका भरून घेतात. येथे उत्तर देणारा माणूस निदान चित्रपट पाहून आलेला आहे, हे नक्की असते, आणि एरवी ज्याने ऑनलाइन एक शब्द लिहिला नसता त्याचेही मत मोजले जाते. अर्थात हेही पहिल्याच दिवशी पैसे मोजून येणारे लोक, म्हणजे आधीच अनुकूल असलेले. म्हणूनच मोठ्या चित्रपटाला ‘बी’ श्रेणी मिळाली तरी निर्मात्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

मत देणारे एकमेकांपासून स्वतंत्रही नसतात. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी काही प्रतिक्रियांना, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवले. एवढ्या एका मताने त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. खोट्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी भरून काढला. पहिल्या दिवशीच्या आकड्याला चित्रपट कंपन्या एवढे का जपतात, हे यातून कळते.

कल्पनारम्य कथांचा चाहता एवढा का दुखावतो?

विनोदी चित्रपट आवडला नाही तर माणूस दोन तास वाया गेले म्हणतो आणि विसरतो. साहस आणि कल्पनारम्य कथांच्या चाहत्याचा हिशेब वर्षांत असतो. ‘स्टार वॉर्स’चा नायक ल्यूक स्कायवॉकर १९८३ मध्ये विजयी होऊन पडद्यावरून गेला आणि २०१७ च्या चित्रपटात तो खचलेला, जगाकडे पाठ फिरवून एका बेटावर राहणारा म्हातारा म्हणून उभा राहिला. मधल्या चौतीस वर्षांत चाहते रिकामे बसले नव्हते. १९९१ पासून निघालेल्या अधिकृत कादंबऱ्यांत त्यांनी ल्यूकचे पुढचे आयुष्य वाचले होते, आणि डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतल्यानंतर, एप्रिल २०१४ मध्ये, त्या कादंबऱ्या ‘दंतकथा’ ठरवून मूळ कथेच्या बाहेर काढल्या गेल्या. वीसेक वर्षे जे वाचन खरे मानून केले ते एका निवेदनाने बाद झाले, अशी ज्याची भावना आहे, तो पुढच्या चित्रपटाला तारे देताना केवळ त्या अडीच तासांबद्दल बोलत नसतो.

समीक्षकाची जागा वेगळी असते. त्याला वर्षाला दोनशे चित्रपट पाहावे लागतात, त्यामुळे ठरलेल्या वाटेवरून हटलेला चित्रपट त्याला सुखावतो. चाहता मात्र ज्या जगावर त्याचे प्रेम आहे त्या जगाचे नियम पाळले जावेत, म्हणून येतो. विकले जाण्याचा आरोप न करताही दोघांच्या मतांत ४०-५० टक्क्यांचे अंतर पडू शकते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०१९ मधील अखेरच्या भागाला आयएमडीबीवर दहापैकी ४ गुण मिळाले, तो हंगाम नव्याने बनवावा या मागणीवर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि त्याच वर्षी त्याच हंगामासाठी मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो हंगाम घाईत गुंडाळला होता, पण पुरस्कार देणाऱ्यांनी चित्रीकरण, अभिनय आणि आवाका पाहिला असेल, तर त्यांना खोटे ठरवायचे कारण दिसत नाही.

मतांचा भडिमार

ठरवून, थोड्या वेळात, मोठ्या संख्येने एका बाजूची मते टाकून आकडा पाडण्याच्या प्रकाराला इंग्रजीत ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. आपण ‘भडिमार’ म्हणू. जून २०२० मध्ये आलेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम खेळून संपवायला साधारण पंचवीस-तीस तास लागतात. समीक्षकांनी त्याला मेटाक्रिटिकवर ९३ गुण दिले. सदस्यांचा आकडा मात्र प्रदर्शनानंतर काही तासांतच दहापैकी चारच्या खाली गेला, म्हणजे हजारो लोकांनी गेम संपवणे शक्य नसतानाच निकाल लावून टाकला होता. कथानकातील काही प्रसंग आधीच फुटले होते आणि पात्रांविषयीचे वाद त्यावरून पेटले होते. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की गेम बाजारात आल्यापासून ३६ तास सदस्यांना मत देता येणार नाही.

स्टीम या संगणकीय गेमच्या दुकानात अडथळा अधिक मजबूत आहे. तेथे मत देण्यासाठी गेम खात्यात असावा लागतो आणि मतासोबत तो किती तास खेळला हेही दिसते. तरीही एप्रिल २०१९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स ३’ हा गेम सुरुवातीचे सहा महिने प्रतिस्पर्धी दुकानातच मिळणार असे जाहीर झाल्यावर, रागावलेल्या लोकांनी त्याच मालिकेतील जुन्या, आवडत्या गेमवर प्रतिकूल मतांचा पाऊस पाडला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ती मते ‘विषयाला सोडून’ ठरवली. ती पुसली गेली नाहीत, फक्त आकड्यात धरली गेली नाहीत; ज्याला धरायची आहेत त्याला ती सोय खुली ठेवली. हा तोडगा मला आजवरच्या उपायांत सर्वांत प्रामाणिक वाटतो.

त्याच महिन्यात उलटा प्रकारही घडला. पॅरिसमधील नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिलला आग लागली आणि प्रकाशकाने ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा त्या कॅथेड्रलची तपशीलवार प्रतिकृती असलेला गेम काही दिवस फुकट दिला. २०१४ मध्ये तांत्रिक दोषांमुळे बदनाम झालेल्या या गेमला स्टीमवर एकाएकी अनुकूल मतांची भर आली. हाही भडिमारच, फक्त प्रेमाचा. व्हॉल्व्हने विचार करून तो हिशेबात ठेवला. गेमची किंमत, परिस्थिती आणि लोकांच्या मनातील त्याचे स्थान बदलले असेल, तर मतही बदलू शकते, असे त्यामागचे म्हणणे होते. पण मग प्रतिकूल मतांना हा न्याय का लागू नये, हा प्रश्न उरतोच.

मग सगळे संतप्त चाहते उपद्रवी समजायचे का?

तसे समजणे कंपन्यांना सोयीचे आहे आणि म्हणूनच त्याबाबत सावध राहायला हवे. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम संगणकावर खेळणाऱ्यांना सोनीचे खाते उघडणे सक्तीचे होणार, अशी घोषणा झाली. जगातील अनेक देशांत असे खाते उघडण्याची सोयच नव्हती, म्हणजे विकत घेतलेला गेम तेथील लोकांच्या हातून जाणार होता. काही दिवसांत दोन लाखांहून अधिक प्रतिकूल मते पडली आणि सोनीने निर्णय मागे घेतला. ही मते गेमच्या कथेविषयी किंवा खेळाविषयी नव्हती, पण गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून ती पूर्णपणे विषयाला धरून होती. तक्रारीची दाद लागणारी दुसरी जागा नसली की लोक तारांकनाच्या चौकटीतच निषेध नोंदवतात.

सप्टेंबर २०२५ मधील ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’चे उदाहरण मला आणखी बोलके वाटते. कीटकांच्या राज्यात घडणाऱ्या या साहसी गेमची चाहत्यांनी अनेक वर्षे वाट पाहिली होती. तो आला आणि जगभर त्याचे स्वागत झाले, परंतु स्टीमवर चिनी भाषेत लिहिणाऱ्यांची बहुसंख्य मते सुरुवातीला प्रतिकूल होती. कारण चिनी भाषांतर: जुन्या वळणाची, अवघड आणि पात्रांच्या बोलण्याशी विसंगत वाटणारी भाषा वाचकांना बोचत होती. निर्मात्यांच्या बाजूने ही तक्रार मान्य करून सुधारणेचे आश्वासन देण्यात आले. येथे भडिमार नव्हता आणि कटही नव्हता. चिनी खेळाडूंच्या हाती आलेली वस्तू खरोखरच वेगळी होती. स्टीमने त्याच्या थोडे आधी, ऑगस्टमध्ये, भाषेनुसार स्वतंत्र आकडे दाखवायला सुरुवात केली होती, त्यामुळे हा फरक जगाला स्पष्ट दिसला. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती, तर इंग्रजीत खेळणाऱ्याला गेम उगाच कमी वाटला असता आणि चिनी भाषेत खेळणाऱ्याला उगाच चांगला.

तिकीट तपासूनच मत घेतले तर?

हा उपाय रॉटन टोमॅटोजने २०१९ मध्ये केला. त्या वर्षी फेब्रुवारीत, प्रदर्शनापूर्वीच ‘पाहायची इच्छा आहे की नाही’ हे टक्क्यांत दाखवणे बंद झाले आणि मे महिन्यापासून तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा आधी दाखवला जाऊ लागला. खात्री करणारी कंपनी होती फँडँगो, म्हणजे तिकिटे विकणारी आणि २०१६ मध्ये रॉटन टोमॅटोज विकत घेतलेली कंपनी. चित्रपट चालण्यात जिचा फायदा आहे तिच्याच मालकीच्या पाटीवर निकाल लागतो, हे विसरू नये.

लेखाच्या सुरुवातीचे कोडे येथे उलगडते. ‘द लास्ट जेडाय’चा चाळीस-बेचाळीसचा आकडा जुन्या पद्धतीचा आहे, जेव्हा कोणीही येऊन मत टाकू शकत होते, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’चा ८६ चा आकडा तिकीट दाखवलेल्यांचा आहे. दोन वेगळ्या मंडळांच्या परीक्षांचे निकाल शेजारी ठेवून प्रेक्षकांना दुसरा चित्रपट दुप्पट आवडला असे म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे. दोन्ही वेळा एकाच पद्धतीने विचारणाऱ्या सिनेमास्कोरचे उत्तर तर उलट आहे: पहिल्याला ‘ए’, दुसऱ्याला ‘बी प्लस’. ‘द लास्ट जेडाय’च्या वेळी मतदानात गैरप्रकार आढळला नसल्याचे रॉटन टोमॅटोजने म्हटले होते, आणि ते खरे धरले तरी वरचा मुद्दा तसाच राहतो, कारण स्वतःहून आलेला प्रत्येक मतदार प्रामाणिक असला तरी तो सर्व प्रेक्षकांचा प्रतिनिधी ठरत नाही.

तपासणीच्या या पद्धतीला एक भौगोलिक मर्यादाही आहे. ती मुख्यत्वे अमेरिकेतील तिकीट विक्रीवर उभी आहे. पुण्यात, पणजीत किंवा नागपुरात तिकीट काढून चित्रपट पाहिलेल्या माणसाचे मत खात्री झालेल्यांत न धरता ‘सर्व प्रेक्षक’ या दुसऱ्या आकड्यात जाते, जो पाहण्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते.

घरबसल्या पाहायच्या मालिकांना तर तिकीटच नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ आली तेव्हा अ‍ॅमेझॉनने आपल्या संकेतस्थळावरील प्रेक्षकांची मते ७२ तास रोखून, छाननी करून मग प्रसिद्ध केली. छाननी करणाराच मालिकेचा निर्माता होता. आयएमडीबीही १९९८ पासून अ‍ॅमेझॉनचेच आहे आणि २०१३ पासून गुडरीड्सही. पुस्तकांच्या या गुडरीड्सवर परिस्थिती सर्वांत ढिली आहे, कारण तेथे पुस्तक बाजारात येण्यापूर्वीही तारे देता येतात. प्रकाशनपूर्व प्रती वाचणाऱ्यांसाठी ठेवलेली ही सोय इतरांनाही खुली राहते. डिसेंबर २०२३ मध्ये एका नवोदित अमेरिकी कल्पनारम्य लेखिकेने बनावट खाती उघडून आपल्यासारख्याच इतर नवोदितांच्या पुस्तकांना एकेक तारा दिल्याचे उघड झाले आणि प्रकाशकाने तिचे पुस्तक रद्द केले. हे शोधून काढले ते वाचकांनी आणि लेखकांनी.

आकड्यांवर धंदा चालतो का?

कंपन्या घाबरतात तेवढा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्ह्ज’ या २०२३ च्या चित्रपटावर समीक्षक आणि प्रेक्षक दोघेही नव्वद टक्क्यांच्या वर खूश होते. निर्मितीवर सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून जगभरात त्याने साधारण २१ कोटी डॉलर मिळवले. चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरात वजा जाता हा तोट्याचाच व्यवहार. उलट २०१६ चा ‘वॉरक्राफ्ट’ समीक्षकांनी तीस टक्क्यांच्या खाली ढकलला, अमेरिकेत तो पाच कोटी डॉलरही मिळवू शकला नाही, पण ज्या गेमवर तो बेतला होता त्याचे चीनमध्ये प्रचंड चाहते असल्याने एकट्या चीनमध्ये त्याने २० कोटी डॉलरहून अधिक मिळवले.

आपल्याकडचे उदाहरण ‘तुंबाड’चे आहे. कोकणातील त्या गावाच्या नावाने आलेला हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये फारसा चालला नाही. पुढे घरी बसून पाहिलेल्यांनी तोंडोतोंडी त्याचे नाव वाढवले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. त्या सहा वर्षांत साचत गेलेले मत पहिल्या शनिवार-रविवारच्या कोणत्याही आकड्यात दिसण्याची सोय नव्हती.

सुरुवातीच्या दिवसांत समीक्षेवर बंदी घातली तर?

ही मागणी भारतात न्यायालयापर्यंत गेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलाने, मार्च २०२४ मधील अहवालात, प्रदर्शनानंतरचे पहिले ४८ तास समीक्षकांनी थांबावे, असे सुचवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘कंगुवा’ या तमिळ कल्पनारम्य साहसपटाला प्रेक्षकांनी चित्रपटगृहाच्या दारातच नापसंती दाखवली, त्या चित्रफिती यूट्यूबवर पसरल्या, आणि तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने आधी अशा चित्रीकरणाला चित्रपटगृहांच्या आवारात मज्जाव करण्याचे आवाहन केले, मग मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबरमध्ये न्यायालयाने समीक्षांना सरसकट मनाई करण्यास नकार दिला.

नकार योग्य होता, असे मला वाटते. मेटाक्रिटिकचा ३६ तासांचा नियम वाजवी ठरतो, कारण तेवढ्या वेळात मोठा गेम संपवणे अवघड असते आणि थांबल्याने मत अधिक जाणते होते. अडीच तासांचा चित्रपट पाहून आलेल्या माणसाला थांबवले तर त्याचे मत अधिक जाणते होत नाही. फक्त दरम्यानच्या तिकिटांची विक्री होऊन जाते. ज्या निर्मात्यांना पहिल्या दिवशीच्या जयजयकाराच्या चित्रफिती हव्या असतात, त्यांना त्याच दारातली नाराजी नको असते, ही तक्रारीतली खरी अडचण आहे.

पान उघडल्यावर कोठे पाहावे

आयएमडीबीवर गुणांच्या आकड्यावर बोट ठेवले की एक ते दहापर्यंत किती मते पडली याचा आलेख उघडतो. तो १ आणि १० या दोन टोकांनाच उंच असेल तर तेथे भांडण चालू आहे, आणि मधली सरासरी कोणाचेही मत नाही, असे धरायला हरकत नाही. ७-८ भोवती टेकडी असेल तर आकडा बराचसा विश्वासाचा. रॉटन टोमॅटोजवर टक्क्यावर बोट ठेवल्यास दहापैकी सरासरी गुण दिसतात, म्हणजे निकालासोबत गुणपत्रिकाही हाती येते. स्टीमवर तारखांनुसार मतांचा आलेख असतो. एखाद्या आठवड्यात लाल पट्टा एकदम उंच गेला असेल, तर त्या आठवड्याची दोन-चार मते वाचावीत, कारण राग गेमवर आहे, किमतीवर आहे, भाषांतरावर आहे की कंपनीच्या एखाद्या घोषणेवर, हे तेथे पहिल्या चार ओळींत कळते. आणि मुलासाठी गेम घेताना ज्यांनी निदान दहा तास खेळून तक्रार केली आहे त्यांची मते आधी वाचावीत. एवढा वेळ घालवूनही जे खटकते ते सहसा खरेच खटकण्यासारखे असते.